पिल्लासाठी दिलेलं डिपॉझिट परत मिळतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिल्लू घ्यायचं ठरलं, ब्रीडरला पैसे दिले आणि मग मधेच काहीतरी फिसकटलं, अशा वेळी जे प्रश्न मला सारखे येतात ते इथे एकत्र करून ठेवतोय. मी वकील नाही. एकदा स्वतः मांजराच्या पिल्लाचं डिपॉझिट घालवून बसलोय, तेव्हापासून ओळखीतले लोक आपापल्या पावत्या नि चॅट मला वाचायला पाठवतात. माझा एक जवळचा मित्र स्वतः ब्रीडिंग करतो, त्यामुळे समोरच्या बाजूचं रडगाणंही नियमित ऐकावं लागतं.

टोकन, बयाणा, इसार, ॲडव्हान्स, डिपॉझिट, सगळं एकच ना?

बोलताना एकच, भांडताना नाही. इसार किंवा बयाणा म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण, घेणारा विनाकारण मागे फिरला तर ते पैसे जातात हे जुन्या काळापासून चालत आलंय. ॲडव्हान्स म्हणजे किमतीचाच एक भाग आधी दिला, सौदा मोडला तर त्यातून समोरच्याचं जे खरं नुकसान झालं ते वजा करून बाकीचे परत मिळायला हवेत. तिसरा प्रकार वेटिंग लिस्टच्या पैशांचा, म्हणजे पिल्लू अजून जन्मलेलंच नसतं आणि तुम्ही फक्त रांगेत नंबर लावलेला असतो. ब्रीडर तिन्हींना सरसकट डिपॉझिट म्हणतो आणि आपणही मान डोलावतो. नंतर भांडण होतं ते मुख्यतः यावरच, की ते पैसे यातले कुठले होते. म्हणून पैसे देतानाच एक वाक्य लिहून घ्या: ही रक्कम कशासाठी, आणि अंतिम किमतीतून वजा होणार की वेगळी.

पावतीवर "नॉन-रिफंडेबल" असं ठळक लिहिलंय. म्हणजे विषय संपला का?

नाही, आणि हे मी दहा जणांना दहा वेळा सांगितलंय. तो शब्द म्हणजे तुम्ही मागे फिरलात तर काय होईल याबद्दलची अट आहे. ब्रीडर मागे फिरला, पिल्लू मेलं, पिल्लू आजारी निघालं, किंवा जे ठरलं होतं ते पिल्लूच नाही, यातलं काहीही त्या एका शब्दात आपोआप बसत नाही. माल द्यायचा नाही आणि पैसेही द्यायचे नाहीत असा कुठलाच सौदा नसतो हो.

म्हणून कुणी चॅट पाठवला की मी आधी दोनच गोष्टी बघतो. सौदा नक्की कुणाच्या बाजूने मोडला? आणि मोडल्यामुळे समोरच्याचं खरोखर किती नुकसान झालं? या दोन्हींची उत्तरं तुमच्या विरोधात असतील तर पावतीवर तो शब्द नसला तरी पैसे जाऊ शकतात, आणि तुमच्या बाजूने असतील तर तो शब्द कितीही मोठ्या अक्षरात छापलेला असला तरी मागायचा हक्क राहतो.

मुळात ब्रीडर डिपॉझिट घेतातच कशाला? एवढा संशय आमच्यावर?

इथे मी ब्रीडरच्या बाजूने. कुत्री गाभण राहिल्यापासून साधारण ६३ दिवसांनी विते, त्यानंतर पिल्लं आईजवळ किमान ८ आठवडे राहायला हवीत, म्हणजे चार महिने खर्च चालूच आणि हातात एक पैसा नाही. पिल्लू विकायचा खरा काळही छोटा असतो, साधारण आठव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत. लोकांना लहान पिल्लू हवं असतं, चार महिन्यांचं झालं की तेच लोक "आता मोठं झालं हो" म्हणून किंमत पाडून मागतात. समजा तुम्ही एका पिल्लावर नाव लावलं, ब्रीडरने पाच आठवडे बाकीच्यांना नाही सांगितलं आणि घ्यायच्या आदल्या दिवशी तुम्ही फोनच उचलला नाही, तर त्याचं नुकसान खरं आहे. मित्राकडे असं एका वेतात तिघांनी केलं होतं, तेव्हापासून तो डिपॉझिटशिवाय फोटोसुद्धा पाठवत नाही.

वाईट वाटतं ते वेगळ्याच लोकांचं. काही जण एकाच पिल्लावर चौघांकडून पैसे घेऊन ठेवतात आणि मग ज्याने जास्त दिले त्याला पिल्लू, बाकीच्यांना "नॉन-रिफंडेबल लिहिलं होतं ना".

काहीच लिहून घेतलं नाही, फक्त व्हॉट्सॲपवर बोलणं झालं. आता काही होऊ शकतं का?

होऊ शकतं. चॅट हाच तुमचा करार. ज्या मेसेजमध्ये किंमत, कुठलं पिल्लू, कधी मिळणार आणि किती पैसे पाठवले हे आलंय ते सगळे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा, चॅट एक्सपोर्ट करा, पैसे गेल्याचा व्यवहार क्रमांक जपा आणि ब्रीडरने जाहिरात काढून टाकायच्या आत तिचाही फोटो घ्या. व्हॉइस मेसेज असतील तर ते फोनमधून उडण्याआधी दुसरीकडे सेव्ह करा. फोनवर जे बोललात ते मात्र हवेत गेलं, म्हणून आजच एक साधा मेसेज टाका: "काल आपलं फोनवर असं असं ठरलं, बरोबर ना?" समोरून नुसतं "हो" आलं तरी पुष्कळ.

उलटंही लक्षात ठेवा. "परत मिळणार नाही" हे तुम्हाला पैसे दिल्यानंतर पहिल्यांदा सांगितलं असेल तर ती अट सौद्यात नव्हतीच असं ठामपणे म्हणता येतं. माझ्या बाबतीत असंच झालं होतं, पैसे सकाळी दिले आणि अटींचं पान संध्याकाळी आलं, पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं आणि मी गप्प बसलो.

माझंच मन बदललं. घरमालक नाही म्हणाला, बदली झाली, घरात कुणालातरी ॲलर्जी निघाली. पैसे मिळतील का?

खरं सांगू, सगळे मिळतील अशी आशा ठेवू नका. कारण कितीही खरं असलं तरी ते तुमच्या बाजूचं आहे, ब्रीडरने काही चूक केलेली नाही. घरमालकाला विचारणं आणि ॲलर्जी असलेल्या माणसाने आधी तसा प्राणी पाळलेल्या घरात दोन तास बसून बघणं, ही कामं डिपॉझिटच्या आधीची होती. (मांजराच्या ॲलर्जीचं मुख्य कारण केस नसून लाळेतलं आणि त्वचेतलं एक प्रथिन असतं, त्यामुळे "केस गळत नाहीत अशी जात घेतो" हा उपाय बऱ्याचदा फसतो. याच गैरसमजापायी मोडलेले दोन सौदे मी बघितलेत.)

तरीही दोन गोष्टी करून बघा. एक, लगेच सांगा. पिल्लू चार आठवड्यांचं असताना नाही म्हणालात तर ब्रीडरला दुसरं घर शोधायला वेळ मिळतो, घ्यायच्या दिवशी सांगितलंत तर काहीच मिळायचं नाही आणि मिळूही नये. दोन, स्वतः दुसरा घेणारा शोधून द्या. तेच पिल्लू त्याच किमतीला आठवड्याभरात गेलं असेल तर "तुमचं नुकसान नक्की किती झालं?" हा प्रश्न विचारायला तुम्हाला जागा आहे. बरेच ब्रीडर अशा वेळी निम्मे तरी परत करतात, काही सगळे करतात, पण त्यांच्याशी नीट बोललात तरच.

आम्ही जन्माआधीच बुकिंग केलं होतं. पिल्लं कमी झाली किंवा झालीच नाहीत. मग?

मग पैसे परत. अर्थात आधी वेगळं काही लिहून दिलं नसेल तर. तुम्ही मागे फिरला नाहीत, ब्रीडरकडे द्यायलाच काही नाही.

हे घडतं मात्र फार वेळा, आणि दर वेळी लबाडी नसते. कुत्र्यांमध्ये खोटं गाभणपण चांगलंच कॉमन आहे, पोट सुटतं, दूधसुद्धा येतं आणि आत काहीच नसतं. साधारण २५ दिवसांनंतर सोनोग्राफीत गर्भ दिसतात पण मोजणी चुकू शकते, नीट आकडा एक्सरेमध्ये कळतो आणि तोही शेवटच्या आठवड्यात, साधारण ५५ दिवसांनंतर, कारण त्याआधी हाडं पुरेशी धरलेली नसतात. आणि एक्सरेत आकडा दिसला तरी नर किती, मादी किती, रंग कुठले हे कळत नाहीच. म्हणजे एखादा ब्रीडर कुत्री गाभण असताना तुम्हाला "काळी मादी, नक्की" असं सांगून पैसे घेत असेल तर त्याला स्वतःलाच ते माहीत असणं शक्य नाही. वेटिंग लिस्टमध्ये तुमचा नंबर पाचवा आणि पिल्लं झाली चार, असं झालं तर काय, हे पैसे देतानाच विचारा.

ब्रीडर म्हणतो पैसे परत नाही, पुढच्या वेताला देतो. मानायलाच हवं का?

आधी तसं ठरलं असेल तर हो. ठरलं नसेल तर ती ऑफर आहे, घ्या किंवा नाकारा. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, दर वेळी तिचं मीलन करून पिल्लं घेणं चांगल्या ब्रीडरच्या तत्त्वात बसत नाही, त्यामुळे "पुढचं वेत" म्हणजे कधीकधी वर्षभर आणि तेव्हाही तुमच्या मनातलं पिल्लू निघेल याची खात्री नाही. मान्य करायचंच असेल तर शेवटची तारीख घाला: अमुक महिन्यापर्यंत पिल्लू मिळालं नाही तर पैसे परत. आणि किंमत आजचीच राहणार का तेही लिहा. तारीख नसलेलं आश्वासन घेऊन तीन वर्षं थांबलेल्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत, त्यांनी मधल्या काळात रस्त्यावरचं एक पिल्लू पाळलं, ते आता चांगलं मोठं झालं आणि ब्रीडर अजून "या वेळी नक्की" म्हणतोय.

पिल्लू घेण्याआधी डॉक्टरकडे दाखवलं आणि दोष निघाला. पैसे परत मागू शकतो का?

मागू शकता, पण दोष कसला आहे त्यावर पुढचं सगळं अवलंबून. इथे दोन्ही बाजू उगाच टोकाला जातात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबतचा जादा आवाज, ऐकू आली म्हणून लोक घाबरून सौदा मोडतात. लहान पिल्लांमध्ये निरुपद्रवी मर्मरही असते, ती साधारण चार-पाच महिन्यांपर्यंत आपोआप जाते, पण जोरात ऐकू येणारी असेल तर जन्मजात दोष असू शकतो आणि तो इकोशिवाय, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीशिवाय, सांगता येत नाही. अशा वेळी सौदा मोडण्याऐवजी ताबा पुढे ढकलणं आणि इकोचा खर्च कोण करणार ते ठरवणं जास्त शहाणपणाचं. बेंबीजवळचा छोटा हर्निया बऱ्याचदा किरकोळ असतो, नसबंदीच्या वेळी दुरुस्त करतात, त्यावर किमतीत सूट मागा फारतर. नर पिल्लाची अंडकोषं दोन महिन्यांपर्यंत उतरलेली असायला हवीत, काहींची उशिरा उतरतात, सहा महिन्यांनंतर मात्र आशा सोडायची. घरात पाळायला घेत असाल तर हे पैसे परत मागण्याइतकं मोठं कारण ठरेल का याबद्दल वाद होईल, पण पिल्लू तुम्हाला शोसाठी किंवा ब्रीडिंगसाठी म्हणून जास्त किमतीत विकलं असेल तर ते पिल्लू ठरलेलं पिल्लू नाहीच.

पार्व्होचं, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचं, वेगळं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात, कधी जास्तही. म्हणून घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब सुरू झाले तर आजार ब्रीडरकडचाच असण्याची शक्यता मोठी, पण तुम्ही मधे पिल्लाला बाहेर फिरवलं असेल तर ब्रीडर तो तुमच्यावर ढकलायला मोकळा. ताबा घेतल्यापासून ४८ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरकडून लेखी तपासणी करून घ्या, अनेक ब्रीडरच्या करारात ही मुदत असतेच आणि ती हुकली की हक्क गेला म्हणतात. आणि तपासणी ब्रीडरच्या डॉक्टरकडे नको, स्वतःच्या डॉक्टरकडे.

नितंबाच्या सांध्याचा दोष, डोळ्यांचे बरेच आनुवंशिक आजार वगैरे गोष्टी पिल्लात सहसा दिसत नाहीत. अमेरिकेतल्या नोंदणीत नितंबांचं अंतिम प्रमाणपत्र कुत्रा २४ महिन्यांचा झाल्यावरच मिळतं. म्हणून पिल्लाचे नाही तर आईबापांचे रिपोर्ट मागा, तेही डिपॉझिटच्या आधी. "रिपोर्ट आहेत" असं सांगून पैसे घेतले आणि नंतर दाखवलेच नाहीत तर ते खोटं सांगून घेतलेले पैसे, तिथे नॉन-रिफंडेबल वगैरे काही टिकू नये.

फोटोत वेगळा रंग होता, आता वेगळाच दिसतोय. ही फसवणूक नाही का?

नेहमी नाही. डाल्मेशियनची पिल्लं जन्मतात पांढरीफटक, ठिपके नंतर येतात. सयामी मांजराची पिल्लं जवळजवळ पांढरी जन्मतात आणि कान, शेपूट, पंजे असे शरीराचे थंड भाग हळूहळू गडद होत जातात. यॉर्कशायर टेरियर जन्मतः काळं-तपकिरी असतं आणि मोठेपणी निळसर राखाडी होतं. अशा जातीत दुसऱ्या आठवड्यातल्या फोटोवरून रंगाची हमी मागणं आणि देणं दोन्ही चूक. नर सांगून मादी दिली तर ते मात्र वेगळं, ठरलेलं पिल्लू नाही, पैसे परत मागा. पोपटांमध्ये तर अनेक जातींचे नर-मादी दिसायला सारखेच, पिसावरून डीएनए टेस्ट केल्याशिवाय कळत नाही. जोडी म्हणून पैसे घेतले असतील तर टेस्टचा रिपोर्ट मागा.

ब्रीडरने माझं पिल्लू दुसऱ्यालाच विकलं!

पूर्ण रक्कम परत, वाद नको. तुम्हाला घेऊन जायला उशीर झाला होता का, एवढंच बघावं लागेल. ठरलेल्या तारखेला गेला नाहीत आणि मेसेजला उत्तरही दिलं नाहीत तर ब्रीडर म्हणणार, वाट बघून विकलं. तसं असलं तरी त्याने आधी शेवटची सूचना द्यायला हवी होती, आणि पिल्लू विकून पूर्ण किंमतही घेतली नि वर तुमचं डिपॉझिटही ठेवलं तर त्याचं नुकसान कसलं झालं? उशीर झालेल्या दिवसांचा सांभाळायचा खर्च तेवढा तो वाजवीपणे मागू शकतो.

ब्रीडरनेच नकार दिला. म्हणे तुमचं घर योग्य नाही.

चांगला ब्रीडर असं करतो आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. दिवसभर बंद घरात एकट्या पडणाऱ्या पिल्लापेक्षा नकार बरा. पण नकार त्याचा असेल तर पैसे तुमचे. "तुम्ही फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली" हे त्याने दाखवून दिलं, उदाहरणार्थ तुम्ही बंगला लिहिला आणि निघाली एक खोली, तर थोडं वेगळं.

सहाव्या आठवड्यातच घेऊन जा म्हणतात, नाहीतर डिपॉझिट जप्त. काय करू?

घेऊ नका. इतक्या लवकर आई आणि भावंडांपासून तोडलेली पिल्लं चावण्याचा जोर आवरायला नीट शिकत नाहीत, आणि भारत, इंग्लंड अशा बऱ्याच ठिकाणी ब्रीडरला ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला नियमानेच बंदी आहे. भारतात ते २०१७ च्या कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीच्या नियमांत आहे. नियम मोडायला तयार नाही म्हणून पैसे जप्त, हे कुठेच टिकायला नको. लेखी विचारा, "आठ आठवड्यांच्या आत देणं नियमात बसतं का?" बहुतेक वेळा सूर लगेच बदलतो. मांजराच्या बाबतीत तर चांगले ब्रीडर बारा-तेरा आठवडे थांबतात.

कायदा नक्की कुणाच्या बाजूने आहे?

देशागणिक वेगळं, पण तीन ठिकाणचं बघितलं तर मूळ विचार बराच सारखा दिसतो.

भारतात १८७२ चा करार कायदा आहे, त्याचं कलम ७४ म्हणतं की करारात रक्कम लिहिली असली तरी मिळणार ती वाजवी भरपाई, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. सुप्रीम कोर्टाचा १९६९ चा मौला बक्ष खटला यावरचा गाजलेला. त्या माणसाने लष्कराला बटाटे आणि कोंबड्या, अंडी, मासे पुरवायचे करार केले होते, पुरवठा फसला आणि सरकारने अनामत जप्त केली. कोर्ट म्हणालं, वाजवी इसार जप्त करणं वेगळं, पण ही अनामत आहे आणि नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करा. मग २०१५ च्या कैलाश नाथ खटल्यात दिल्लीतल्या सरकारी प्राधिकरणाने एका प्लॉटची इसार रक्कम जप्त केली आणि नंतर तोच प्लॉट जास्त किमतीला विकला, कोर्टाने पैसे परत द्यायला लावले, कारण नुकसान झालंच नाही. प्लॉटच्या जागी पिल्लू ठेवून बघा. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराची व्याख्या आहे, त्यात अवाजवी मोठं डिपॉझिट आणि नुकसानाच्या मानाने जास्त दंड हे दोन्ही येतात.

इंग्लंडमध्ये २०१५ चा ग्राहक हक्क कायदा. ग्राहक मागे फिरला तर पैसे ठेवायचे पण विक्रेता मागे फिरला तर तेवढीच भरपाई द्यायची नाही, अशी एकतर्फी अट त्या कायद्याच्या संशयास्पद अटींच्या यादीतच आहे. मात्र हा कायदा धंदा करणाऱ्याला लागू. शेजारच्या काकूंच्या कुत्रीला हौसेने एकदाच पिल्लं झाली असतील तर गणित बदलतं.

अमेरिकेत बहुतेक राज्यांनी घेतलेल्या व्यापारी संहितेत असं आहे की, करारात वेगळं ठरलेलं नसेल आणि घेणाऱ्याने सौदा मोडला तर विक्रेत्याला एकूण किमतीच्या २० टक्के किंवा ५०० डॉलर, यातली जी रक्कम कमी तेवढी ठेवता येते, बाकी परत, आणि प्रत्यक्ष नुकसान त्याहून जास्त झालं असेल तर ते त्याने दाखवायचं. तिथे काही राज्यांत आजारी पिल्लांसाठी वेगळे कायदेही आहेत. कॅलिफोर्नियात घेतल्यापासून १५ दिवसांत आजार किंवा एका वर्षात जन्मजात दोष डॉक्टरने लिहून दिला तर ग्राहकाला पैसे परत, बदली पिल्लू किंवा उपचारखर्च असे पर्याय मिळतात.

आता व्यवहारातलं. एवढ्या रकमेसाठी वकील लावायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका, वकिलाची फी डिपॉझिटच्या वर जाईल. ग्राहक आयोग (पूर्वीचा ग्राहक मंच), छोट्या दाव्यांचं कोर्ट, मध्यस्थी, जे तुमच्याकडे असेल ते. पण त्याआधी नीट लिहिलेला एक मेसेज, त्यावरच निम्मी प्रकरणं मिटताना मी बघितलीत.

तो मेसेज कसा लिहू?

शिव्या नको, इतिहास नको, सहा-सात ओळी पुरे. काहीसं असं:

"नमस्कार. अमुक तारखेला मी तपकिरी नर पिल्लासाठी इतकी रक्कम दिली. आपलं ठरलं होतं की पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावर, पहिली लस झालेलं मिळेल. काल तुम्ही सांगितलंत की ते पिल्लू आता उपलब्ध नाही. सौदा माझ्या बाजूने मोडलेला नाही, त्यामुळे पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत त्याच खात्यावर परत करावी ही विनंती. यातली काही माहिती चुकीची वाटत असेल तर कृपया लिहून कळवा. मुदतीत काही झालं नाही तर मला ग्राहक तक्रार करावी लागेल."

शेवटून दुसरं वाक्य मुद्दाम घातलंय. त्याने उत्तर दिलं तर त्याची बाजू लेखी येते, नाही दिलं तर ते गप्प बसणंही तुमच्या कामाचं. आणि तुम्हाला निम्म्यावर मिटवायचं असेल तर पहिल्याच मेसेजमध्ये ते बोलू नका.

हा ब्रीडर खरा आहे की नाही हेच कळेना. पैसे तर दिले.

मग हा डिपॉझिटचा वाद नाही, फसवणुकीचा प्रश्न आहे आणि इथे वेळ घालवायचा नाही. बँकेला आत्ता फोन करा. कार्डने दिले असतील तर चार्जबॅक, म्हणजे बँकेकडून व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतं, बऱ्याच प्रकारांत साधारण १२० दिवसांपर्यंत, पण शेवटच्या दिवसाची वाट कशाला बघायची. थेट खात्यात ट्रान्सफर केले असतील तर पहिले काही तासच कामाचे. पोलिसांच्या सायबर विभागाकडेही नोंद करा.

ओळखायच्या खुणा: पिल्लाचा फोटोच टाकून इंटरनेटवर शोधलं की तो दुसऱ्याच देशातल्या जाहिरातीत सापडतो, आईसोबतचा व्हिडिओ कॉल करायला दर वेळी काहीतरी अडचण, आणि डिपॉझिट मिळाल्यावर अचानक पिंजऱ्याचे पैसे, मग विमा, मग विमानतळावरचं क्वारंटाइन. असं एकामागून एक सुरू झालं की पिल्लू नाहीच, पुढचा एक पैसाही देऊ नका. आधीचे परत मिळतील या आशेने लोक तिसरा हप्ता देतात.

ब्रीडरचं नाव सोशल मीडियावर टाकून उघडं पाडू का?

राग समजतो, पण आधी पैसे मागून बघा, नाव टाकलंत की तडजोडीचं दार बंद होतं आणि वर बदनामीची नोटीस आली तर तेच निस्तरत बसाल. लिहायचंच झालं तर तारखेसकट जे घडलं तेवढंच लिहा. "चोर" हा शब्द लिहून कुणाचे पैसे परत आलेले मी पाहिले नाहीत.

मी स्वतः ब्रीडर आहे. भांडणं टाळायला पावतीत काय घालू?

मित्राला लिहून दिलं होतं तेच सांगतो. रक्कम किती आणि ती किमतीतून वजा होणार का. पिल्लू कुठलं, म्हणजे जन्मलेलं असेल तर मायक्रोचिपचा १५ अंकी नंबर नाहीतर ओळखीची खूण आणि फोटो, जन्मलेलं नसेल तर रांगेतला नंबर. ताब्याची तारीख, आणि उशीर झाला तर किती दिवसांनंतर रोजचा किती खर्च. घेणारा कधी मागे फिरला तर किती कापणार, आणि इथे टप्पे ठेवा, पिल्लू चार आठवड्यांचं होण्याआधी कमी, नंतर जास्त, कारण "काहीही झालं तरी सगळं जप्त" यापेक्षा टप्प्यांची अट कुठल्याही कोर्टात जास्त वाजवी दिसते. पिल्लू मेलं, आजारी पडलं किंवा मीच देऊ शकलो नाही तर किती दिवसांत पूर्ण परत. खाली दोघांच्या सह्या, आणि हे सगळं पैसे घ्यायच्या आधी दाखवायचं.

मित्राने सुरुवातीला कुरकुर केली, एवढं कोण वाचतं म्हणून. आता स्वतःच लोकांना मोठ्याने वाचून दाखवतो, आणि दोन-चार जण ते ऐकूनच निघून जातात.

डिपॉझिट किती असावं?

ठरलेला आकडा नाही. किमतीच्या दहा-वीस टक्क्यांपर्यंत मला ठीक वाटतं. निम्म्याच्या वर मागत असतील तर ते डिपॉझिट नाही, हप्ता आहे, तसंच लिहून घ्या. पूर्ण रक्कम आधी आणि पिल्लू दोन महिन्यांनी, याला माझा साफ नकार.

एवढं सगळं लेखी मागितलं तर ब्रीडरला राग नाही का येणार?

येईल कदाचित. मला मांजराच्या वेळी हीच भीती होती, म्हणून मागितलं नाही. दुसऱ्या वेळी कुत्र्यासाठी मागितलं तेव्हा त्या बाईंनी काही न बोलता छापील पान पुढे केलं, आणि उलट मलाच विचारलं की दिवसभर घरी कोण असतं.